डेल्फीनची यादी

कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताच्या उत्तरेला क्री आदिवासींच्या एका वस्तीत डॉक्टर दर मंगळवारी विमानानं यायचे आणि सगळे आजारी दवाखान्यात रांग लावायचे. त्या रांगेतच म्हातारा इझिडोर मोरिन खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

दवाखान्याची मुख्य नर्स डेल्फीन हिनं आरोग्य खात्याच्या वरच्या कचेरीला फोन करून कळवलं, "यापुढे नर्सेस आधी घरोघर जातील. डॉक्टरांनी कुणाला आधी तपासायचं, ते आम्ही ठरवू."

"आता नर्स डॉक्टरांना सांगणार?" फोनवर कचेरीतले साहेब हसले.

"इथं माणूस गेला की लोक मला विचारतात, साहेब. तुम्हाला नाही."

वर्षभर भांडल्यावर परवानगी आली. पहिल्याच सकाळी ती इझिडोरच्या बायकोकडे गेली. म्हातारीनं बाही वर सारून रक्तदाब मोजू दिला.

"उशीर केलास, पोरी."

"हो, आजी."

रक्तदाब चढलेला पाहून डेल्फीननं मंगळवारच्या यादीत म्हातारीचं नाव सगळ्यात वर लिहिलं.