दोनशे उठाबशा

साहेबीणबाईंच्या बंगल्यावर हळदीकुंकू होतं. आमच्या बरखेड्याला, हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या वसाहतीत पद्धत ठरलेली. नवऱ्याचा हुद्दा जसा, तसं बायकोचं बसणं. अधिकाऱ्यांच्या बायका सोफ्यावर, आम्ही टेक्निशियनांच्या बायका सतरंजीवर. कुणी सांगत नाही. पाय आपोआप तिकडेच वळतात.

बाईंनी त्यांचा फोन माझ्यापुढे धरला. "अहो, बघा तुमची लेक. किती गोड करते!"

फोनमध्ये माझी चौदा वर्षांची पोर. आमच्याच स्वयंपाकघरात. दोन्ही कान धरून उठाबशा काढत होती आणि प्रत्येक उठाबशीला म्हणत होती, "मैं पागल हूँ."

सोफा हसला. सतरंजी हसली. आणि मी? मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले. साहेबांच्या घरी तोंड पाडलं तर वाईट दिसेल, एवढंच डोक्यात आलं. वाण घेतलं, थँक्यू म्हटलं आणि घरी आले.

माझी लेक स्वमग्न आहे. तोंडानं चार-दोन शब्द, तेही शिकवलेले. बाकी सगळं फोनवर लिहून. भूक लागली, पोट दुखतंय, शाळेत कुणी ढकललं, सगळं. फोन म्हणजे तिचं बोलणं. आणि सांगितलेलं ती जसंच्या तसं धरते. "पाच मिनिटं थांब" म्हटलं, की घड्याळ लावून पाच मिनिटं थांबते. थट्टा कशाशी खातात, तिला ठाऊक नाही.

दिवाळीत याच बाई म्हणाल्या होत्या, "आपण मराठी माणसं, परमुलखात एकमेकींना धरून राहायचं. माझी मुलगी घेईल तिला मुलांच्या ग्रुपवर. मैत्रिणी मिळतील." डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! आजवर कुणी माझ्या पोरीला वाढदिवसाला बोलावलं नव्हतं. घरी येऊन लेकीला बजावलं, "ताई सांगेल ते ऐकायचं. मोठ्या घरची आहे ती. नाही म्हणायचं नाही."

हे मी शिकवलं. मीच. मला सासूनं शिकवलं होतं, मी तिला.

त्या संध्याकाळी तिला विचारलं, हे काय आहे? तिनं लिहिलं: "१४० झाल्या. ६० बाकी. मग मी मैत्रीण."

ग्रुप उघडला. बाईंच्या मुलीचा मेसेज होता, "दो सौ पूरे कर, रोज़ बीस, फिर तू हमारी दोस्त." सात दिवस, सात व्हिडिओ. आणि पहिल्याच व्हिडिओखाली बाईंच्या नंबरावरून हसून हसून रडणारा चेहरा. म्हणजे बाई ग्रुपवर होत्या. पहिल्या दिवसापासून सगळं बघत होत्या. केसानं गळा कापला माझा. तोही आपली मराठी माणसं म्हणून.

मग मी काय केलं? पोरीचाच फोन हिसकावला. कपाटात कुलूपबंद केला. हिम्मत तिच्यावरच चालत होती ना! दोन दिवस ती जेवली नाही. भिंतीवर गाल घासत राहिली. मला वाटलं, हट्ट करतेय. तिसऱ्या दिवशी गाल टम्म सुजला. दाढ ठणकत होती तिची. सांगणार कशानं? तोंडच मी काढून घेतलं होतं.

फोन परत दिला, तिला डॉक्टरकडे नेलं आणि तिथून तशीच बंगल्यावर गेले.

बाई म्हणाल्या, "मुलंच ती. डिलीट करून टाकू, विषय संपला. आणि असल्या मुलांच्या हातात फोन द्यायचाच कशाला? तुमचे मिस्टर आमच्या ह्यांच्याच हाताखाली आहेत ना?"

"डिलीट करणार नाही," मी म्हटलं. "फोनही काढणार नाही. तुमच्या मुलीचा काढा."

घरी हे म्हणाले, "अगं, नोकरी आहे माझी. क्वार्टर जाईल."

"गेलं तर वसाहतीबाहेर कोलार रोडला भाड्यानं राहू."

हे तक्रार द्यायला सोबत आले नाहीत. आम्ही दोघीच गेलो, आधी शाळेत, मग पोलिसांत. सगळे व्हिडिओ, सगळे मेसेज लेकीनं स्वतः तारखेवार काढून दिले. एकही चुकला नाही. मी अर्जात हेही लिहिलं की व्हिडिओ दाखवला तेव्हा मी हसले होते. अर्ज घेणारा म्हणाला, "यह लाइन हटा दीजिए मैडम, केस कमज़ोर होगा."

"रहने दीजिए भैया. सच है."

आता वसाहतीतल्या बायका मला बघून रस्ता बदलतात. बदलू देत. तक्रार मी मागे घेणार नाही. रोज सकाळी आम्ही दोघी टेबलाशी बसतो आणि मी मोघम काही सांगत नाही, कारण मोघम तिला कळत नाही. व्हिडिओ मागितला, तर नाही. "कुणाला सांगू नकोस" म्हटलं, तर नाही, आणि लगेच मला दाखवायचं. मैत्रीण व्हायला काही करून दाखवावं लागत नाही.

तिनं लिहिलं: "मोठ्या घरची असली तरी?"

"तरी."

"आई असली तरी?"

माझी नजर त्या कपाटाकडे गेली. मग म्हटलं, "आई असली तरी."

परवा मामाला पाठवायला तिचा फोटो काढत होते. म्हटलं, इकडे बघ, हास जरा. तिनं लिहून फोन माझ्यासमोर धरला: "नाही."

राग आला. खरंच आला. 'आईला उलट बोलतेस?' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं आणि हातातला फोन खाली ठेवला. मला याची सवय करावी लागेल. वसाहतीलाही करावी लागेल.