एकेरी

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि त्यालाच शिस्त म्हणायची मला सवय लागली होती. ठाण्याच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आलो त्या वर्षी शिस्तीचे अकरा नियम मी स्वतः घोटीव अक्षरात लिहिले आणि चौकटीत घालून कचेरीबाहेर टांगले. चौथा नियम माझा लाडका. शिक्षकांस एकेरीत संबोधणाऱ्यास शाळेतून काढण्यात येईल. पालकाने लेखी माफीनामा दिल्यासच परत घेण्यात येईल. मी पुण्यात वाढलेला. आमच्याकडे वडिलांनाच काय, थोरल्या भावालाही अहो-जाहो. अरे-तुरे म्हणजे अंगावर धावून येणंच.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतली गोष्ट. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्गात खाडीपलीकडच्या मिठागराच्या गावातली एक मुलगी होती. त्या गावातून अकरावीपर्यंत पोचलेली पहिलीच. रोज बांधावरून चालत यायची आणि नळावर पायांचा चिखल धुऊन मगच वर्गात शिरायची. बोलायची ते मोजून-मापून, पुस्तकी मराठीत. गणितात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मराठीबरोबर मी गणितही शिकवायचो. एकदा बीजगणित शिकवत होतो. फळा भरत आला, आणि ही ताडकन उठून म्हणाली, "सर, तू चुकलास!"

वर्ग फिदीफिदी हसला. तिने जीभ चावली. मी फळ्याकडे पाहिलं, तर चूक होतीच. वजाचं चिन्ह मी अधिक करून बसलो होतो. ते हातानेच पुसलं आणि तिला म्हणालो, "चालती हो!" राग 'तू'चा आला होता की 'चुकलास'चा, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू?

चार दिवसांनी तिचा बाप कचेरीत आला. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठा, मिठाने हातापायांना भेगा पडलेल्या. मी मान वर न करताच विचारलं, "काय रे, काय काम आहे?"

"मास्तर," तो हात जोडून म्हणाला, "पोरीचा चुकला. तू तिला मार, उनात उभी कर. पन शालेतून काढू नको. शनवारी परीक्षेचा फारम भरायचा हाय. यंदा नाय बसली त भाऊबंद तिचा लगीन लावून मोकले व्हतील. मी येकला किती दिस थांबवू त्यांना?"

"लेखी माफीनामा आण."

"मना लिवता नाय येत, मास्तर. तुझ्या पायावर डोका ठेवतो."

"मग लिहून घे कुणाकडून. आणि तोंड सांभाळून बोल! हे तू-तू काय चालवलंयस?"

मी कशाने पेटलो ते त्याला कळेचना. तो बिचारा मागे सरला. भिंतीवर सरस्वतीची तसबीर होती. तिच्यापुढे वाकून अगदी त्याच आवाजात, तितक्याच अदबीने तो म्हणाला, "आये, तू तरी सांग मास्तरला." आणि गेला.

मी टाक खाली ठेवला. देवीला म्हटलेल्या 'तू'त आणि मला म्हटलेल्या 'तू'त सूतभरही फरक नव्हता. रोज सकाळी अख्खी शाळा प्रार्थनेत देवाला 'तू' म्हणते. मीसुद्धा डोळे मिटून म्हणतो, तेव्हा कुठे जातो चौथा नियम? त्यांच्या बोलीत थोरामोठ्यांसाठी वेगळा शब्दच नाही. मान असतो तो आवाजात आणि जोडलेल्या हातांत. इतकी वर्षं मराठी शिकवून हे मला एका निरक्षर माणसाकडून कळावं! मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी बांधावरून चालत त्या गावी गेलो. मुलगी मिठागरात चिखल तुडवत होती. मला पाहून पदर सावरत बांधाशी आली.

"उद्या फॉर्म भरायला ये," मी म्हणालो.

"माफीनामा नाही मिळाला, सर."

"तो मी देणार आहे."

शनिवारी प्रार्थनेनंतर मी सगळ्या शाळेसमोर उभा राहिलो. शिक्षकांनी परोपरीने सांगितलं होतं, सर, असं कराल तर उद्या पोरं डोक्यावर बसतील. बसोत. म्हणालो, "या मुलीने माझी चूक दाखवली आणि मी तिला शिक्षा केली. गणितात मी चुकलो आणि नियम लावतानाही चुकलो. मी तिची माफी मागतो." मग चौकट उघडून चौथ्या नियमावर काट मारली. त्या दिवशी तिचा फॉर्म भरला गेला.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. बायको मेथी निवडत होती. "बरं केलंत हो," ती म्हणाली. जरा वेळाने तिनेच विचारलं, "आणि तिच्या वडिलांना काय म्हणून हाक मारलीत तुम्ही?"

"काय रे, म्हटलं."

"हं. त्याला कितवा नियम?"

मी तिच्यावर खेकसलो आणि उठून बाहेर गेलो. त्या रात्री घास गोड लागला नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मुलगी पास झाली, गणितात शाळेत पहिली. लग्नाचा विषय निदान तेवढ्यापुरता मागे पडला. बाप आला तो पांढऱ्याशुभ्र मिठाची पुरचुंडी घेऊन. कचेरीच्या उंबऱ्याशीच थांबला. ओठांत काहीतरी जुळवत होता. पोरीने घोकून घेतलेलं असणार.

"सर," तो अडखळत म्हणाला, "तुम्ही... तुमचे उपकार झाले."

'मास्तर'ही गेला होता आणि 'तू'ही गेला होता. इतकी वर्षं मी ज्या 'तुम्ही'साठी भांडलो तो समोर उभा होता, आणि मला तो नको होता.

मी उठलो, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, "या, बसा."

कोण आलंय ते बघायला त्याने मागे वळून पाहिलं.