नागोराव गवंड्याचा फॉर्म

भूकंपानंतर तिसऱ्या आठवड्यात आमच्या लष्करी मेडिकल टीमने औसा तालुक्यातल्या एका गावाबाहेर तंबू ठोकले. मी नर्सिंग असिस्टंट, हुद्दा नायक. माझं गाव चाकूरजवळ, त्यामुळे टीममध्ये मराठी येणारा मी एकटाच. सहाला फॉल-इन, सातला ड्रेसिंग, नऊला कॅप्टनसाहेबांचा तंबू. साहेब मनाचे डॉक्टर, केरळचे. त्यांच्याकडे इंग्रजी फॉर्म होता. प्रश्न मी मराठीत विचारायचे आणि उत्तर साहेबांना सांगायचं.

पहिल्याच दिवशी ऑर्डर मिळाली. "लाइन लंबी है. यस या नो, बस."

इंजिनिअर्सच्या तुकडीला कललेल्या भिंती पाडायच्या होत्या. दगडातली जाणती माणसं ते गावातूनच घेत, पण आधी आमचा 'फिट' शेरा लागे. त्यासाठी नागोराव गवंडी आला. वय पन्नाशीचं. गावातली निम्मी घरं त्यानेच बांधलेली. मुलगा आणि सून त्याने बांधलेल्या घरातच गेले. बायको आणि तान्ही नात तेवढ्या वाचल्या.

"मामा, ती रात्र परत परत आठवती का?"

"परत कशी यील? गेलीच कुठं ती?"

"नो, सर," मी सांगितलं.

"वाईट सपनं पडत्यात?"

"झोपच न्हाई. सपान कुठून पडंल?"

"नो, सर."

"पडक्या घराकडं जायचं टाळता का?"

"तिथंच तर बसून असतो दिवसभर."

"नो, सर."

मग तो आपणहून बोलला. "छातीवर दगुड हाय, बाबा. भिंती मला नावानं हाका मारायल्यात. ये म्हणत्यात."

"क्या बोला?" साहेबांनी विचारलं.

बाहेर रांग उन्हात उभी होती. मी म्हणालो, "छाती में भारीपन, सर."

साहेबांनी स्टेथोस्कोप लावला. "चेस्ट क्लिअर. फिट. नेक्स्ट."

दुसऱ्या दिवशी १५४० वाजता वायरलेस सेटवर आवाज आला. "मेडिकल, वन कॅज्युअल्टी. वॉल कोलॅप्स. ओव्हर."

सहा मिनिटांत पोचलो. इंजिनिअर्सच्या सुभेदाराने सांगितलं, दोर ओढायची शिटी झाली, सगळे मागे हटले. नागोराव पुढे गेला. भिंतीवर दोन्ही तळवे ठेवून उभा राहिला. "मैं चिल्लाया. हटा ही नहीं."

दगड काढायला पाऊण तास लागला. नाडी नव्हती. रिपोर्टमध्ये 'अपघात' लिहिलं गेलं. फॉर्म फाइलला लागला.

त्या ड्यूटीवर आमच्या युनिटचं कोणी दगावलं नाही, असं रेकॉर्ड सांगतं. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची वेळ येते, तेव्हा मी नागोरावला मनात धरतो.

रिटायर झाल्यावर लातूरला एका कोचिंग क्लासच्या होस्टेलवर सिक्युरिटीला लागलो. एका जूनमध्ये एक म्हातारी नातीला सोडायला आली. रजिस्टरात मी गाव वाचलं, आडनाव वाचलं. विचारलं, तर नागोरावची बायको, पारूबाई. मी ओळख सांगितली, खुर्ची दिली. नात सामान घेऊन वर गेली.

"आदल्या दिशी तुमच्याकडंच आल्ते," पारूबाई म्हणाल्या. "काय म्हणले व्हते?"

मी सांगितलं. झोपेचं, छातीवरच्या दगडाचं, भिंतींच्या हाकांचं. शब्दाला शब्द, काही गाळलं नाही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या,

"म्हंजी तुम्हाला कळलं व्हतं."