आव्वार म्हणजे असणं

"झे फॅं," मी म्हणाले. मला भूक लागलीय.

वर्गात त्या दिवशी 'आव्वार' चाललं होतं. फ्रेंचमधलं रोजच्या वापरातलं क्रियापद. आव्वार म्हणजे असणं, आपल्याजवळ असणं. प्रत्येकानं स्वतःकडं काय आहे ते सांगायचं. कुणाकडं गाडी निघाली, कुणाकडं कुत्रा. माझी पाळी आली तेव्हा पुस्तकातलं तेवढं एकच वाक्य तोंडात आलं.

मॅडम हसल्या. "बरोबर आहे. तुमच्याकडे भूकच असणार."

वर्ग हसला. मीही हसले. हे लिहिताना आज हात जड होतो, पण मीही हसले.

मी पाली गावाच्या वरच्या अंगाला, राजगडाखालच्या धनगरवाड्यातली. मेंढरांमागं वाढलेली. गडावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना वाट दाखवता दाखवता त्यांच्या भाषेची गोडी लागली. म्हणून उत्रोलीला मावशीकडं राहून भोरात क्लासला जायचे.

मॅडमनी पुढं सांगितलं, फ्रेंच माणसं भूक, भीती, लाज सगळं आव्वारनंच बोलतात. आपल्याला भूक लागते, लाज वाटते. त्यांच्याजवळ ती असते, घरदार असावं तशी. 'झे ओंत' म्हणजे मला लाज वाटते. शब्दाला शब्द लावला तर, माझ्याजवळ लाज आहे. मी वहीत उतरून घेतलं.

मान वर केली तर दारात बाप उभा.

परीक्षेच्या अर्जाला लागणारं आधार कार्ड मी घरी विसरले होते. ते द्यायला दोन एसट्या बदलून आला होता. खांद्यावर घोंगडी. घोंगडीला मेंढरांचा वास.

मॅडमनी नाकाला रुमाल लावला आणि माझ्याकडं वळल्या. "त्यांना बाहेर थांबायला सांग. कोण आहेत ते?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"गावाकडचे आहेत," मी म्हणाले.

बापानं ऐकलं. खालमानेनं आत आला, कार्ड माझ्या बाकावर ठेवलं.

"घ्या ताई. तुमच्या वडलांनी दिलंय."

घ्या. मला. जन्मात ज्यानं मला 'अगं'शिवाय हाक मारली नाही, तो मला अहोजाहो करत होता. पोरीचं खोटं चारचौघांत उघडं पडू नये म्हणून.

तो गेला. मॅडम फळ्याकडं वळल्या. मी उठले.

"मॅडम, ते माझं वडील हायेत."

घरची बोली त्या वर्गात पहिल्यांदाच तोंडातून निघाली.

"बरं. बस खाली."

"झे ओंत," मी म्हणाले. "त्यांची न्हाई. माझी. आन तुमचीबी."

कुणी हसलं नाही.

स्टँडपर्यंत पळत गेले. एसटी सुटली होती. संध्याकाळी मोबाईल लावला. "पोचलो गं. जेवलीस का?" एवढंच. मला रडू फुटलं. तो म्हणाला, "आवाज येईना तुझा," आणि फोन ठेवला.

त्यानंतर बाप भोरात आला नाही. काही द्यायचं असलं तर कुणाच्या तरी टेम्पोतनं पाठवतो. "मेंढरं टाकून कुठं येऊ," म्हणतो. मेंढरं तेव्हाही होती.

मी माफी मागितलेली नाही. मागितली तर तो लगेच म्हणेल, "जाऊ दे गं." आणि मी सुटेन. मला सुटायचं नाही.

क्लास सोडला नाही. पुरता शिकणार आहे. मग शिकवणार आहे, ह्याच भोरात. माझ्या वर्गाच्या दारात कुणाचाही बाप आला, कसल्याही कपड्यांत आला, तर आधी मी उठून उभी राहीन. माझ्यामागं सगळी पोरं उठतील. जो उठणार नाही, त्याला मी एक अक्षर शिकवणार नाही.