अक्काचं रेकॉर्ड रूममधलं बोलणं

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्याशी बोलत असताना आधी दारात भाजीवाली आली आणि तिच्या पाठोपाठ सोसायटीचे सेक्रेटरी आले. मी दोघांशी बोलून परत फोनपाशी आले, तर तुम्ही दोघं हसत होतात. धाकटीनं विचारलं, "आजी, माणूस बदललं की तुझा आवाज का बदलतो?" मी सवय म्हणून सांगितलं आणि तेवढ्यात तुमची शाळेची वेळ झाली. ते उत्तर अपुरं होतं. म्हणून आज नीट लिहिते आहे. तुमचा बाबा वाचून दाखवील.

मी सोलापुरात एका बँकेच्या शाखेत नोकरी केली, हे तुम्हाला माहीत आहे. तुमचा बाबा त्याच्या साहेबाला नावानं हाक मारतो, त्यामुळे आमच्या शाखेतली तऱ्हा तुम्हाला विचित्र वाटेल. मॅनेजरच्या केबिनमध्ये इंग्रजी बोलायचं. दोन दिवसांची रजा मागायची झाली तरी इंग्रजीत, आणि उभं राहून. बाहेर काउंटरवर स्वच्छ मराठी. शहराच्या पूर्व भागातली विणकर मंडळी आली की आमचे कॅशियर तेलुगूत बोलत, आणि नव्या पेठेतल्या एखाद्या मुसलमान व्यापाऱ्याशी तितक्याच सहज दखनीत. शिपायाला मात्र सगळेच अरे-तुरे करत, कालपरवा लागलेला क्लार्कसुद्धा. हे कुणी शिकवत नसे. पहिल्या दिवशी खुर्ची कुठं आहे ते कळतं, तसंच हेही कळायचं.

एकच जागा याला अपवाद होती, ती म्हणजे मागची रेकॉर्ड रूम. जुन्या व्हाउचरच्या गठ्ठ्यांमध्ये वर्तमानपत्र पसरून आम्ही बायका तिथं डबा खायचो. आणि तिथं अक्का असायची.

अक्का माझ्या शेजारच्या काउंटरवर होती, माझ्याहून थोडी मोठी. रोज सकाळी मंद्रूपहून एसटीनं यायची. काउंटरवर ती प्रत्येक शब्द इस्त्री करून बोलायची. रेकॉर्ड रूमचं दार लोटलं की तिची खरी भाषा सुरू. सासू, कंडक्टर, शेजारीण, कुणालाच ती सोडायची नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घरीही पुस्तकात लिहितात तसंच बोलणारी. पहिल्या आठवड्यात मी डबा आणि चमचा हातात धरून बसायला खुर्ची शोधत उभी होते, तर ती म्हणाली, "अगं, बस की खाली. उभ्यानं जेवतीस व्हय? आन् भाकरीला चमचा कशाला, फावडं आणायचंस की."

सगळ्या हसल्या, मीही हसले. मला असं हसणारं माझ्या घरात कुणी नव्हतं. तिनं न विचारता अर्धी भाकरी मोडून माझ्या झाकणात टाकली. पुढं हळूहळू तिचे शब्द माझ्या तोंडात बसले. एकदा घरी मी 'लई' म्हणाले, तेव्हा तुमच्या पणजीनं पोळी लाटायची थांबवून माझ्याकडे पाहिलं होतं.

मग अधिकाऱ्याच्या बढतीची परीक्षा आली. मी अर्ज केला आणि अक्कालाही कर म्हणाले. मुलाखत इंग्रजीत असायची. ती म्हणाली, "तितं नेऊन मला काय इंग्रजीत रडायला लावतीस?" आणि विषय संपवला. मला बढती मिळाली आणि बदली झाली वैरागला. तिथं मी टेबलावर एकटी जेवायची. शिपाई पाण्याच्या ग्लासावर बशी झाकून आणायचा. सगळे मॅडम म्हणायचे, वाईट कुणीच वागलं नाही. पण जेवताना मला सारखं वाटायचं की एकदा सोलापूरला परत जावं आणि त्या गठ्ठ्यांमध्ये जाऊन बसावं.

दोनेक वर्षांनी जुन्याच शाखेत परत आले. पहिल्याच दुपारी डबा घेऊन मागं गेले. वर्तमानपत्र पसरलेलं होतं. शेजारी एक खुर्चीही आणून, पुसून ठेवलेली होती. मी खुर्चीवर न बसता खाली बसले. मी डबा उघडेपर्यंत कुणीच आपला डबा उघडला नाही. एका नव्या मुलीनं पसरलेले पाय जवळ ओढून घेतले. म्हणून मी पूर्वीसारखं, अक्काच्याच ढंगात म्हणाले, "अक्का, लई दिस झालं तुझ्या हातची भाकर खाऊन. आण की हिकडं."

कुणी हसलं नाही. नवी मुलगी अक्काकडे बघायला लागली. अक्कानं भाकरी एका ताटलीत ठेवून माझ्यापुढं सरकवली आणि हळू आवाजात, काउंटरवरच्या मराठीत म्हणाली, "मॅडम, आम्ही बोलतो तसं तुम्ही बोलू नका. बरं दिसत नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. घरी येऊन मी विचार करत बसले तेव्हा उमगलं. तेच शब्द शेजारी बसणारीनं म्हटले तर आपलेपणा होतो, आणि साहेबानं म्हटले तर नक्कल होते. त्या नव्या मुलींना मी पूर्वी कोण होते हे ठाऊक नव्हतं. त्यांना एक अधिकारी बाई गावाकडच्या बाईसारखं बोलून दाखवताना ऐकू आली. अक्काला त्यांचा अपमान टाळायचा होता की माझं हसं, हे मी तिला कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी केबिनमध्ये जेवू लागले. ती निवृत्त होईपर्यंत आमचं उत्तम चाललं. ती माझ्याशी कधी भांडली नाही, आणि मला कधी हसलीही नाही.

आता तुमचे आजोबा नाहीत. दिवसभरात मला लोक मॅडम म्हणतात, काकू म्हणतात, आजी म्हणतात, सगळे जपून बोलतात. गेल्या हिवाळ्यात एके सकाळी उठले आणि मंद्रूपला निघाले. कुणाला सांगितलं नाही, पण मनात एवढंच होतं की अक्कानं एकदा पूर्वीसारखं मला फैलावर घ्यावं.

अक्का दारातच होती. केस पांढरे झाले आहेत, कमरेत वाकली आहे. सुनेला हाक मारून म्हणाली, "बघ, आमच्या साहेब आल्या." प्लॅस्टिकची खुर्ची पदरानं पुसून अंगणात ठेवली आणि स्वतः पायरीवर बसली. माझे गुडघे, तुमचा बाबा, तुम्ही दोघं, सगळ्यांची चौकशी केली, स्वच्छ मराठीत. मी म्हणाले, "अक्का, आता कुठली बँक आणि कुठली मॅडम. दोन म्हाताऱ्या आहोत आपण."

ती हसली. म्हणाली, "असं कसं, मॅडम." आणि चहा टाकायला आत गेली.

स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडेच होती. आतून तिचा आवाज यायला लागला. ती सुनेशी बोलत होती.

"लई वाळलीय गं ती. येकटी ऱ्हाती, करून कोन घालत आसंल? दोन भाकरी टाक, तशी जाऊ देऊ नगं. ती मागायची न्हाय, लाजाळू हाय. नवी नवरी हुती तवा साडीसुदिक नीट नेसता येत नव्हती. मीच निऱ्या घालून द्यायची, आन् ही उभी बाहुलीवानी."

उठावं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभं राहावं असं फार वाटलं. पण मी गेले असते तर ती थांबली असती. मी खुर्ची आवाज न करता खिडकीकडे थोडी सरकवली आणि बसून राहिले. आत ती अजून माझ्याबद्दलच बोलत होती. चहाला उकळी उशिरा यावी, एवढंच मला वाटत होतं.