नळाला बांधलेलं फडकं

अगं, इकडं सरक, आणि तो फोन ठेव. आलीस की त्यातच तोंड घालून बसतेस.

समोरच्या अक्का आठवतात ना? सांगलीतल्या एवढ्या भारी वस्तीतला त्यांचा संगमरवरी फ्लॅट मुलानं विकायला काढला. तो त्यांना पुण्याला नेणार, अन् अक्कांना तर जायचंच नव्हतं.

अक्का जैन. पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, म्हणून त्या चकचकीत नळालाही पांढरं फडकं बांधलेलं. ते बघून पाणी खराब असेल असं समजून दोन गिऱ्हाईकं न विचारताच परत गेली. तेव्हा अक्का माझ्याकडं बघून गालात हसल्या होत्या.

परवा तिसऱ्यानं मात्र विचारलं, "आजी, पाणी गढूळ येतं का?"

मी अक्कांचा हात दाबला. नुसत्या गप्प बसल्या असत्या तरी भागलं असतं.

"कसं हाय बघा," त्या नेहमीसारख्या सावकाश म्हणाल्या, "पाणी लय चांगलं हाय. बारीक जीव मरू नयेत म्हणून आमी गाळतो."

सौदा ठरला. माणसं गेल्यावर मी रागावले, "अक्का, सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं की गं," एवढंच बोलल्या, अन् भिंतीवरनं हात फिरवत राहिल्या.

पंधरा दिवसांत त्या जातील. मग दार उघडून मी हाक कुणाला मारू? तू आता परत लवकर ये बाई, चार दिवस राहायलाच ये.