शिकलेलं दूध

आमच्या घरात आजवर दुधाला कोणी घाबरलं नव्हतं. ती सोय मी करून दिली.

मी बी.एस्सी. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. (हे मी कोणी विचारल्यावरच सांगतो असं नाही.) तर या पदवीधर डोक्यात गेल्या उन्हाळ्यात आलं, की म्हैस विकून टाकावी. ती आटली होती, पुढचं वेत लांब होतं, आणि वैरण मात्र दोन्ही वेळ लागायची. ती वैरण मलाच कापावी लागायची, हा मुद्दा मी चर्चेत आणला नाही.

माय हादरलीच! वगार होती तेव्हापासून तिने त्या म्हशीला पोरीसारखं वाढवलेलं.

"म्हैस गेली तं दूध कुठून पिशीन?"

"डब्यातलं. हवाबंद येते. भर उन्हाळ्यात, फ्रीजशिवाय, महिनोन्‌महिने टिकते."

"नासत नाही?"

"नाही."

"मंग ते दूध नोहे बाप्पा! काही दुसरंच आहे."

बाबांनी निवाडा दिला. "आण एक डब्बा. ठेव चुलीजवळच्या फळीवर. सानगडीचा ढोरांचा दलाल येत परेंत टिकला, तं म्हैस जाईन. नासला, तं राहीन."

मायने त्या दिवशी म्हशीला दोनदा धुतलं.

मी पुठ्ठ्याचा तो डबा आणला. आल्याआल्या कोपरा कापून सगळ्यांना चहा पाजला. (चांगलं काय असतं हे चाखल्याशिवाय त्यांना कळणार कसं?) उरलेल्या दुधासकट कोपरा दुमडला आणि वर वायरवाल्याची काळी टेप करकचून गुंडाळली. हवाबंद म्हणजे हवाबंद! घरातला फ्रीज मी मुद्दाम वापरला नाही. प्रयोग म्हणजे प्रयोग.

दोन दिवस डबा गुणी मुलासारखा बसून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मायची हाक आली.

"बाबू! इकडे ये! तुह्या दुधाले दिवस गेले!"

जाऊन पाहतो, तर डब्याचं पोट पुढे आलेलं!

"काही नाही," मी म्हणालो. "गर्मीनं हवा फुगते."

दुपारपर्यंत त्याचे चारही कोपरे ताणले. मधूनच आतून 'टक्' असा आवाज यायचा. रानडुकराला काठीने हाकलणारे माझे बाबा प्रत्येक 'टक्'ला एक पाऊल मागे सरकत दारापर्यंत पोचले. तेवढ्यात शेजारच्या सुमनकाकू डोकावल्या.

"बाप्पा! आमच्या पोराच्या मोबाईलची बॅटरी अशीच फुगली होती!"

"मंग?" बाबांनी विचारलं.

"मंग काय! गादी जळली!"

बस्स! बाबांनी सिलिंडर बंद केला, मायने देवाचा फोटो उचलला, आणि आम्ही सगळे अंगणात. मायने म्हैस सोडून पार लिंबाखाली नेऊन बांधली. मला कुठे उभं राहायचं ते कोणी सांगितलं नाही.

आणि नेमकी तेव्हाच दलालाची गाडी आली.

"सगळे उन्हात काहून उभे आहा गा?"

"घरात दूध आहे," बाबा म्हणाले.

"मंग?"

"शिकलेलं दूध आहे. पोरानं आणलं."

दलालाला कळलं नाही, पण तो म्हशीकडे वळला. तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. मायचे डोळे भरून आले.

"थांबा भाऊ! आधी डब्बा पाहा. नासला असन तं म्हैस नाही देत मी!"

डबा पाहायचा कोणी? सगळ्यांच्या नजरा पदवीकडे वळल्या.

मी माझ्या गाडीवरचं हेल्मेट चढवलं. डाव्या हातात ढाल म्हणून सूप, उजव्या हातात बांबूच्या टोकाला बांधलेला विळा. हेल्मेटमध्ये माझाच श्वास मला गाडीच्या सायलेन्सरसारखा ऐकू येत होता. जवळ गेलो. ताणामुळे टेप थोडी सरकली होती, आणि तिच्याखालून बारीक अक्षरं डोकावत होती: उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, लवकर संपवा.

जी कमाल होती ती बंद डब्याची होती. ती मी पहिल्याच दिवशी कात्रीने कापली होती. त्यानंतर फळीवर होतं ते साधं उघडं दूध, आणि त्याला मी उन्हाळ्यात टेप लावून कोंडलं होतं!

एवढा विचार चालू असताना विळ्याचं टोक डब्याला लागलं.

फस्स्स!

आंबट पाणी थेट काचेवर! गोळे मानेत! मला वाटलं, संपलो. "माय वं!" असं ओरडत मी बाहेर पळालो.

आता म्हशीच्या बाजूने विचार करा. घरातून काळ्या चकचकीत डोक्याचं, पांढरं पांढरं गळणारं काहीतरी निघालं. एका हातात सूप, दुसऱ्या हातात विळा! तिने दोर तोडला आणि समोर सापडला त्याच्यावर, म्हणजे दलालावर, धावली. दलाल भाताच्या तणसाच्या ढिगावर कसा चढला, हे त्यालाही सांगता येणार नाही.

"मारकी म्हैस इकून राहिले का गा?" तो वरूनच ओरडला. म्हैस परसात गेल्यावर उतरला आणि गाडीला किक मारून पसार झाला.

मायने माझा शर्ट हुंगला. चेहरा उजळला.

"नासलं वो सुमन! मंग दूधच होतं!"

म्हैस राहिली. पण हेल्मेट दिसलं की ती अजूनही खुंट्यासकट उधळते. म्हणून मायच्या हुकमाने मी गावाबाहेर तळ्याच्या पाळीवरच गाडी बंद करतो, हेल्मेट पोत्यात लपवतो आणि गाडी ढकलत घरी येतो. वाटेत जो तो विचारतो, "काहून गा, पेट्रोल संपलं?" मी हो म्हणतो. पदवीधर माणूस म्हशीच्या धाकात राहतो, यापेक्षा त्याच्याकडे पेट्रोल नाही हे ऐकायला बरं. आणि गाव रोज न चुकता विचारतं, कारण खरं कारण माय सगळ्यांना आधीच सांगून बसली आहे!